नोकरीतून स्वतःच्या धंद्याकडे



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी सारखी असे. आज त्याच घरांतली वडीलधारी माणसे नातवाला नोकरी लागावी म्हणून देवाला नवस बोलतात. त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. पाऊस पडो न पडो, महिना भरला की पगार हातात पडतो, ही गोष्ट ज्याने लागोपाठ दोन दुष्काळ पाहिले आहेत त्याला सांगावी लागत नाही. पण नोकरी लागली की माणसाच्या मनात दुसरेच एक बीज रुजू लागते. ‘दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस? आपले स्वतःचे काही असावे.’ आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या बीजाविषयी.

त्याला निमित्त झाले ते असे. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. कॉलेजात त्याचे मन रमले नाही. पुढे आय.टी.आय.मध्ये वायरमनचे शिक्षण घेऊन तो तालुक्याच्या गावी एका ठेकेदाराकडे नोकरीला लागला. हात चांगला, स्वभाव गोड. त्यामुळे संध्याकाळी सुटल्यावर लोक त्याला घरी बोलावू लागले. कुणाची विहिरीवरची मोटार जळालेली, कुणाच्या नव्या घराचे वायरिंग, कुणाच्या मांडवात दिव्यांच्या माळा. फराळाची ताटली बाजूला सारून तो म्हणाला, “सर, संध्याकाळच्या कामाचे पैसे आता पगाराच्या जवळपास येतात. नोकरी सोडू का?”

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. घरातला फ्यूज गेला तर मीच शेजारच्या मुलाला हाक मारतो. मी त्याला काय सल्ला देणार? पण इतिहासाचा एक उपयोग असतो. आपल्याला पडलेला प्रश्न आपल्याआधी कुणाला पडला होता आणि त्याने काय केले, एवढे तो सांगू शकतो. मी त्याला दोन माणसांच्या हकीकती सांगितल्या. त्यांतला एक तर थेट त्याच्याच धंद्यातला, वायरमन. फरक इतकाच, की तो जपानातला.

त्याचे नाव कोनोसुके मात्सुशिता. जन्म १८९४ सालचा, वाकायामा भागातल्या वासा नावाच्या खेड्यातला. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण वडील तांदळाच्या सट्ट्याच्या नादी लागले आणि त्यात घरदार, जमीनजुमला सारे गेले. पोराला शाळा अर्धवट सोडावी लागली. वयाच्या नवव्या वर्षी, १९०४ साली, त्याला ओसाका शहरात कामाला धाडण्यात आले. प्रथम शेगड्या विकणाऱ्या एका दुकानात आणि तेथून थोड्याच महिन्यांत सायकलींच्या दुकानात. त्या दुकानात तो पाचएक वर्षे राहिला. झाडलोट करायची, मालकाचे निरोप पोचवायचे, सायकली दुरुस्त करायच्या. गिऱ्हाईक दारात कसे येते, रिकाम्या हाताने का परत जाते, हे तो तेथे लहानपणीच पाहत होता.

त्याच सुमारास ओसाकाच्या रस्त्यांवरून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या होत्या. त्या पाहून या पोराच्या मनाने घेतले की, पुढचे दिवस विजेचे आहेत. १९१० साली, पंधरा वर्षांचा असताना, तो ओसाका इलेक्ट्रिक लाइट कंपनीत वायरमनचा मदतनीस म्हणून लागला. म्हणजे वायरमन पुढे आणि हा सामानाची गाडी ओढत मागे! पण तीनच महिन्यांत तो स्वतः वायरमन झाला. घरांतून, दुकानांतून, नाटकगृहांतून त्याने तारा ओढल्या. मध्यंतरी रात्रशाळेत नाव घातले. पण शिक्षक सांगत ते वेगाने उतरून घेणे त्याला जमेना, तेव्हा ती शाळाही सुटली. हाताने मात्र तो शिकत राहिला. १९१७ साली, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, कंपनीने त्याला तपासनीस नेमले. इतक्या लहान वयात ही जागा सहसा मिळत नसे.

येथे आपण थोडे थांबू. तपासनिसाचे काम काय? तर आदल्या दिवशी वायरमनने केलेले काम दुसऱ्या दिवशी जाऊन तपासायचे. दिवसाकाठी पंधरा-वीस घरे पाहिली की झाले. काम हलके आणि मान मोठा. तुम्ही-आम्ही असतो तर सुखाने निवृत्तीची वाट पाहिली असती. पण या गृहस्थाला ते रिकामपण खाऊ लागले. त्याला बरे काम करण्याची भूक होती आणि आता त्याच्या हातात कामच उरले नव्हते. त्यातून प्रकृती नाजूक, छातीचे दुखणे मागे लागलेले. आजारी पडून खाडे झाले तर घर कसे चालायचे, हीही काळजी होतीच.

नोकरीत असतानाच फावल्या वेळात त्याने दिव्याचा एक नवा होल्डर तयार केला होता. रोज होल्डर बसवणाऱ्या माणसाला त्यातली अडचण जितकी कळते तितकी कारखान्यात बसलेल्याला कळत नाही. त्याने काय केले पाहा. तो होल्डर त्याने लपवून बाजारात नेला नाही. आधी आपल्या वरिष्ठांना दाखवला. वरिष्ठांनी तो हातात घेऊन पाहिला आणि सांगितले की, ही वस्तू काही उपयोगाची नाही. त्याला ते फार लागले. १९१७ च्या जूनमध्ये त्याने नोकरी सोडली.

आणि मग, श्रोतेहो, खरी गोष्ट सुरू होते. जवळची शिल्लक आणि कंपनीकडून मिळालेले पैसे मिळून शंभर येनसुद्धा भरत नव्हते. एक बरेसे यंत्र घ्यायचे तर तेवढ्यातच सगळे संपावे. घर म्हणजे भाड्याच्या दोन लहानशा खोल्या. त्यातल्या एकीची जमीन उखडून तेथे कारखाना मांडला. कारखान्यात माणसे कोण? तो स्वतः, त्याची पत्नी मुमेनो, तिचा चौदा वर्षांचा भाऊ तोशिओ इउए आणि वीजकंपनीतले जुने दोन सोबती. पाचांपैकी एकालाही धंद्याचा अनुभव नाही. होल्डरचा आकार कसा असावा हे ठाऊक होते. पण होल्डरचा जो भाग विजेला अडवतो तो कशाचा बनवतात, डांबर किती, दगडाची भुकटी किती, अॅस्बेस्टॉस किती, हेच ठाऊक नव्हते! नोकरी सोडल्यानंतर त्यांनी ते शोधायला घेतले. अखेर वीजकंपनीतल्याच एका जुन्या सहकाऱ्याने ते प्रमाण सांगितले तेव्हा कुठे गाडे पुढे सरकले.

होल्डर तयार झाला. एक सोबती तो घेऊन ओसाकाची दुकाने पालथी घालू लागला. दहा दिवस हिंडून खपले किती, तर शंभराच्या आसपास. हाती आले ते दहा येनच्या आत. वरिष्ठांनी जे सांगितले होते तेच दुकानदारांनी निराळ्या शब्दांत सांगितले. दोघे सोबती प्रपंचाची माणसे. ते दुसरीकडे कामाला निघून गेले. त्यांना कोण दोष देईल? मागे राहिले ते नवरा, बायको आणि मेहुणा. मुमेनोबाईंनी आपली ठेवणीतली वस्त्रे आणि दागिने गहाण टाकायला सुरुवात केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

तरले कसे? त्या वर्षाच्या डिसेंबरात एका कारखान्याकडून विचारणा आली. विजेच्या पंख्यांच्या बैठकीत चिनी मातीची एक तबकडी बसवत, ती फुटत असे. तिच्याऐवजी डांबराच्या मिश्रणाच्या एक हजार तबकड्या लवकर करून द्याल का? मात्सुशिता साचा दाबी आणि चौदा वर्षांचा मेहुणा कडा घासून साफ करी. वर्ष संपता संपता माल पोचला. एकशे साठ येन मिळाले, त्यांतले निम्मे फायद्याचे. धंद्यातला हा पहिला फायदा. पुढच्याच वर्षी, ७ मार्च १९१८ रोजी, थोडी मोठी जागा भाड्याने घेऊन त्याने आपल्या कारखान्याची रीतसर स्थापना केली.

यातली मौज तुमच्या ध्यानात आली का? ज्या वस्तूसाठी त्याने नोकरी सोडली ती वस्तू खपली नाही. ती बनवता बनवता जे मिश्रण तो शिकला, ते खपले. गिऱ्हाइकाला काय हवे आहे हे त्याला नोकरी सोडल्यावर कळले आणि त्या शिक्षणाची फी त्याच्या बायकोच्या दागिन्यांनी भरली.

पुढे मात्र तो हा धडा विसरला नाही. त्या काळी जपानी घरांत बहुधा दिव्याची एकच जागा असे. दिवा लावला की दुसरे काही लावता येत नसे आणि दुसरे काही लावले की अंधार. त्याने दुहेरी होल्डर काढला, तो घरोघर गेला. हे गिऱ्हाइकाच्या घरात शिरून पाहिलेल्या वायरमनचे काम. १९२३ साली त्याने सायकलीचा दिवा केला. तेव्हाचे बॅटरीचे दिवे दोन-तीन तासांत मान टाकत. याचा तीस तासांच्या वर जळे. दुकानदारांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने दिवे दुकानांत नुसते ठेवून दिले, एक पेटवून दाखवला आणि सांगितले, ‘हा किती वेळ जळतो ते तुम्हीच पाहा. पटले तर पैसे द्या.’ नऊ-दहा वर्षांचा असताना सायकलींच्या दुकानात जे पाहिले होते ते असे वीस वर्षांनी फळाला आले. मात्सुशिता १९८९ साली वारला तेव्हा त्याच्या कंपनीची ‘नॅशनल’ आणि ‘पॅनासॉनिक’ ही नावे जगभर झाली होती. आणि तबकड्यांच्या कडा घासणारा तो मेहुणा? त्याने १९४७ साली स्वतःचा वेगळा उद्योग काढला. त्याचे नाव ‘सान्यो’.

आता दुसरी हकीकत. ही आपल्या घरची. तीतही सुरुवातीला सायकल आहे, हा योगायोगच म्हणायचा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रे काढण्याची आवड म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे काही काळाने उमगले की, डोळ्यांना काही रंगांचा भेदच नीट कळत नाही. चित्रकाराची वाट तेथेच संपली. दुसरा कुणी गावी परतला असता. यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. त्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. अध्यापक मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्राचा हा पहिल्या फळीतला कारखानदार मुळात एक पगारदार मास्तर होता.

नोकरी चालू होती तेव्हाच मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही मोठ्या नवलाईची आणि साहेबलोकांची वस्तू. बेळगावला त्यांचे वडीलबंधू रामुअण्णा होते. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. धाकट्याने मुंबईत राहून नोकरी सांभाळायची, सायकली विकत घेऊन धाडायच्या. थोरल्याने त्या बेळगावात विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि नुसत्या विकायच्या नाहीत तर गिऱ्हाइकाला त्यावर बसायलाही शिकवायचे! दुकानावर पाटी लागली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. हे नाव पुढे सर्व देशाने ऐकले, पण त्याचा जन्म एका नोकरदाराच्या जोडधंद्यात झाला.

ही व्यवस्था किती दिवस चालली? जवळजवळ नऊ वर्षे. १८९७ साली नोकरीत जी बढती त्यांना मिळायची ती डावलून दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. म्हणजे पाहा, अपमान दोघांच्याही वाट्याला आला. जपानी तरुणाचा होल्डर नाकारला गेला, आपल्या मास्तरांची बढती हुकली. नोकरी दोघांनीही स्वाभिमानापोटी सोडली. पण एकाच्या मागे उखडलेल्या जमिनीची एक खोली होती आणि दुसऱ्याच्या मागे नऊ वर्षे चाललेले दुकान, ओळखीचे गिऱ्हाईक आणि बाजारातली पत.

म्हणून लक्ष्मणरावांना सारे सुखाचे गेले का? तसे समजू नका. बेळगावला आल्यावर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि पाठोपाठ लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! कोठारात नांगर गंजताहेत आणि दारात गिऱ्हाईक नाही, असे दोन वर्षे सोसायचे म्हणजे काय ते ज्याने धंदा केला त्यालाच ठाऊक. मात्सुशिता असा अडला तेव्हा घरातले दागिने गेले. किर्लोस्कर बंधूंना मात्र या काळात आधी बसवलेल्या धंद्याचा आधार होता. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले आणि १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ज्यांच्या विहिरीवर आज पंप चालतो, त्यांना त्या वाडीचे नाव मी वेगळे सांगायला नको.

या दोन हकीकतींवरून इतिहासाचा मास्तर काय सांगतो ते आता ऐका.

पहिली गोष्ट. संध्याकाळचे खाजगी काम हे नुसते वरकड पैसे मिळवण्याचे साधन नव्हे. ती धंद्याची शाळा आहे. नोकरीत हात तयार होतो, पण भाव सांगणे, उधारी वसूल करणे, माल कुठून आणायचा आणि कितीला, हे मालक करतो आणि आपल्याला दिसतही नाही. मात्सुशिता तारा ओढण्यात पटाईत होता आणि तरीही मिश्रणाचे प्रमाण व दुकानदाराचे मन या दोन्ही बाबतींत कोरा होता. लक्ष्मणरावांनी हे शिक्षण पगार चालू असताना घेतले. एवढाच त्या दोघांतला फरक, पण तो बायकोच्या दागिन्यांएवढा मोठा आहे.

दुसरी गोष्ट. जोडधंदा उजळ माथ्याने करावा. मात्सुशिताने आपली वस्तू आधी वरिष्ठांपुढे ठेवली, हे मला मोठे वाटते. मालकाची तार पिशवीत घालून संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी वापरणे ही चोरीच. तिला जोडधंदा म्हणू नये. सरकारी नोकराला तर परवानगीशिवाय खाजगी धंदा करताच येत नाही. शिवाय वायरमनचा परवाना वेगळा आणि वीज-ठेकेदाराचा परवाना वेगळा, हेही पाहिले पाहिजे. आणि आणखी एक. दिवसभर दमलेला माणूस रात्री खांबावर चढतो तेव्हा वीज त्याच्या कष्टांची कदर करीत नाही. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण झोपेने जड झालेल्या हातांनी तारेला शिवू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि पुस्तकांतून ती बहुधा एका ओळीत उरकलेली असते. राजीनाम्यावर सही एकाची असते, पण धंदा एकटा माणूस उभा करीत नाही. मुमेनोबाईंच्या गहाणवटीवाचून आणि त्या चौदा वर्षांच्या पोराच्या हातांवाचून मात्सुशिताचे नाव आज कुणी घेतले नसते. रामुअण्णांनी बेळगावचे दुकान उघडे ठेवले नसते, तर लक्ष्मणराव राजीनामा देऊन कुठे गेले असते? ‘मी नोकरी सोडू का’ हा प्रश्न एकट्याने विचारायचा नाहीच. घरातल्या ज्या माणसाला त्याची झळ लागणार, त्याच्याबरोबर बसून तो सोडवायचा आहे.

माझा विद्यार्थी हे सारे ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग मी त्याला विचारले, “संध्याकाळच्या कामाचे पैसे पगाराइतके होतात म्हणतोस. त्यातून सामानाचा खर्च वजा केलास का? उधारी किती अडकली आहे? पावसाळ्यात, शेतात मोटारी बंद असतात तेव्हा, किती मिळतात?” तो हसला आणि म्हणाला, “सर, असे लिहून कधी ठेवलेच नाही.” “आणि सूनबाईंना विचारलेस का?” यावर तो हसला नाही.

संक्रांतीला तो पुन्हा येऊन गेला. या खेपेला पत्नी बरोबर होती. तिच्या पिशवीत एक लांबट वही होती, दुकानदार ठेवतात तसली. तिने ती माझ्यापुढे ठेवली. कोणाकडे कोणते काम, सामान किती, मजुरी किती, येणे किती, सारे तिच्या हातचे, स्वच्छ अक्षरात. तीन घरांची जुनी उधारी तिने स्वतः जाऊन वसूल केली होती. नोकरी त्याने अजून सोडलेली नाही. ती म्हणाली, “एक पावसाळा या वहीत उतरू दे, मग आम्ही दोघे ठरवू.”

मला वाटते, त्यांच्या दुकानाची पायाभरणी त्या वहीने केव्हाच झाली आहे. पाटी काय, सावकाश लागेल.